श्रावण लागला की लोणच्यावर बुरशी: तीन उन्हाळ्यांचा तपास

आमच्याकडे कैरीचं लोणचं जूनच्या पहिल्या आठवड्यात घातलं जायचं, आषाढात कौतुकाने वाढलं जायचं आणि श्रावण लागला की कोणीतरी बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, म्हणजे दादरा, सोडून ओरडायचं, "अगं, हे बघ काय झालंय!" खाराच्या वर पांढरा पापुद्रा, आठवड्याभरात त्यावर हिरवट लव. चार-पाच वर्षं सलग हेच चाललं होतं. पाच किलो कैरी, तेल, मोहरीची डाळ, हिंग, दोन दिवसांची मेहनत, सगळं घंटागाडीत. वाईट याचं वाटायचं, की त्याच आत्याच्या हातचं, त्याच वहीतलं लोणचं माझ्या लहानपणी वर्ष-वर्ष टिकायचं. पुढच्या उन्हाळ्यात नवी बरणी उघडली तरी जुनीच्या तळाशी चार फोडी असायच्याच.

ज्यांच्याकडे हेच होतंय त्यांच्यासाठी लिहितेय. साखरांब्यात साखर बसण्याचा घोळही आमच्याकडे होता. त्याचं कारण शेवटी थोडंफार तेच निघालं, म्हणून तोही यात आहे.

आधी काय दिसतंय ते नीट बघा

"लोणचं खराब झालं" म्हणून काही कळत नाही. उजेडात बरणी धरून बघा.

खाराच्या वर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय धरल्यासारखी दिसत असेल आणि तिला लव नसेल, तर ते बहुतेक वेळा रानटी यीस्ट असतं. त्याने माणूस आजारी पडतोच असं नाही, पण आंबट-शिळा वास येतो आणि खारातलं आम्ल ते खात सुटतं. मग बुरशीला रान मोकळं. लव असलेली, कापसासारखी, हिरवी, काळी किंवा राखाडी दिसते ती खरी बुरशी. ही दिसली की वरचा थर चमच्याने काढून खालचं खाऊ नका. वर दिसतो तो तिचा फुलोरा, धागे खालपर्यंत गेलेले असतात आणि काही बुरशींचं विष तेलात, खारात उतरतं. आमच्या आत्याला हे अजूनही पटत नाही. "आमच्या वेळी काढून टाकायचो नि खायचो" म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही, बरणी उचलून टाकून देते.

खार फसफसतोय, झाकण उघडताना हवा सुटल्यासारखा आवाज येतोय, तर लोणचं आंबतंय. मीठ कमी पडलं. बुरशी नाही पण तेलाला खवट वास आहे, तर तेल जुनं होतं किंवा बरणी रोज ऊन लागेल अशा जागी होती. फोडी मऊ पडून लगदा झाला असेल तर कैरीच चुकली. फोडी काळ्या पडल्या असतील तर लोखंडी विळी, लोखंडी कढई किंवा कल्हई उडालेलं पितळेचं पातेलं आठवून बघा. नाशकात भांडी बाजारातून आणलेलं पितळेचं एक तरी पातेलं प्रत्येक घरात असतं आणि मोठं म्हणून कैऱ्या त्यातच कालवायचा मोह होतो. कल्हई नसेल तर आंबट पदार्थ त्यात कळकतो, हे आपल्याला माहीत असतं, पण ऐन गडबडीत आठवत नाही.

आमच्या बरणीत आधी यीस्ट आणि मग बुरशी, असा क्रम होता.

कोणाचा हात लागला?

घरातली चौकशी कशी चालते तेही सांगायला हवं, कारण खरं कारण सापडायला उशीर त्यामुळेच झाला.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, मोहाडीच्या अलीकडे. शेत द्राक्षाचं. एप्रिलची खरड छाटणी उरकली, काड्यांची विरळणी मार्गी लागली, की दादाला जरा उसंत मिळते आणि मे संपता संपता आम्ही सगळे तिकडे धडकतो. मी नाशकातल्या इंदिरानगरहून, आत्या संगमनेरहून, चुलत बहीण ठाण्याहून. मुलांना विहिरीच्या थारोळ्यात डुंबायचं असतं, मोठ्यांना गच्चीवर झोपायचं असतं. बांधावर चार आंबे आहेत, दोन गावठी, एक राजापुरी, एक केशर. राजापुरीच्या कैऱ्या लोणच्याला, गावठीच्या साखरांब्याला, केशर पिकवायला, अशी आजोबांच्या वेळची वाटणी. येताना प्रत्येकाच्या गाडीच्या डिकीत कैऱ्यांची एक गोणी असते आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून एसटीने जाणाऱ्या आत्याच्या पिशवीतही.

तर बुरशी आली, की फोन सुरू. आत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "कोणीतरी ओला हात लावला." दुसरं जरा दबक्या आवाजात, "कोणीतरी अडचणीत असताना शिवलं." म्हणजे पाळीत. वहिनी गप्प, मी चिडलेली, ठाण्याची बहीण म्हणणार, "ताई, आता रेडीमेड आणत जा." ओल्या हाताच्या शंकेत तथ्य आहे. दुसऱ्या शंकेचं काय झालं ते पुढे येईलच.

2023 च्या उन्हाळ्यात मी बरणीवर संशय धरला. चिनी मातीची जुनी बरणी, आतून काचेरी लेपाला केसासारख्या भेगा. अशा भेगांत जुनं तेल आणि ओल मुरून राहते, हे खरंच आहे. म्हणून काचेच्या नव्या बरण्या आणल्या, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या, दिवसभर उन्हात वाळवल्या. तेलही बदललं, शेंगदाण्याऐवजी करडईचं घेतलं. श्रावणात बुरशी हजर. नव्या काचेतून ती जास्त स्पष्ट दिसत होती, एवढाच फरक.

वाटी, पेला आणि वजनकाटा

2024 ला मी एकच गोष्ट वेगळी केली. सगळं एकदम बदलायचं थांबवलं. किलो-किलोच्या चार बरण्या घातल्या. मसाला, तेल, बरणी सगळ्यांत सारखं, आणि प्रत्येकीत एकच फरक.

पहिल्या बरणीत त्याच दिवशी सकाळी झाडावरून उतरवलेली कैरी, फोडी नीट वाळवलेल्या, मीठ 200 ग्रॅम. दुसरीत सगळं तसंच, फक्त मीठ 120 ग्रॅम, म्हणजे आमच्या घरी पडत होतं तेवढं. तिसरीत चार दिवस गोणीत राहिलेली कैरी, मीठ 200. चौथीत ताजी कैरी, मीठ 200, पण फोडी धुऊन नुसत्या निथळून घातल्या, वाळवल्या नाहीत.

"आमच्या घरी पडत होतं तेवढं" हा आकडा कुठून आला, ती मजाच आहे. आत्याच्या वहीत लिहिलंय, "किलोला सव्वा वाटी मीठ." वाटी तीच, स्टीलची, बुडाला आजीचं नाव कोरलेली. मी त्या वाटीभर बारीक मीठ काट्यावर ठेवलं, तर 160 ग्रॅम भरलं. सव्वा वाटी म्हणजे बरोबर 200. मग खडे मीठ भरलं, तर वाटीत जेमतेम 115. खड्यांच्या मध्ये हवाच जास्त. काही वर्षांपूर्वी दादाने "बारीक मिठात काही राम नाही" म्हणून शेतावर खडे मीठ आणायला सुरुवात केली होती आणि आम्ही त्याच वाटीने तेवढंच मोजत राहिलो. सव्वा वाटीचं झालं 145. त्यात आईला रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून प्रत्येक जण "जरा कमीच घाला" म्हणतो. राहिलं 120. वर्षं ताडून पाहिली, तर बुरशी येऊ लागली ती खडे मीठ आलं तेव्हापासूनच.

हा हिशेब असा मांडता येतो. कच्च्या कैरीत शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास भाग पाणी असतं. किलोभर फोडींत 850 ग्रॅम पाणी धरा. त्यात 200 ग्रॅम मीठ विरघळलं, की खार साधारण 19 टक्क्यांचा होतो. 120 ग्रॅममध्ये तो साडेबाराच्याही खाली राहतो. बुरशी आणि यीस्ट दोघांनाही वाढायला मोकळं पाणी लागतं. मीठ पाण्याला बांधून ठेवतं, त्यांच्या वाट्याला येऊ देत नाही. कैरीची आंबटाई, मोहरीचा झणका आणि वरचं तेल मदतीला असतात, पण मुख्य पहारेकरी मीठ. म्हणून मीठ वजनानेच घ्या, मग ते खडे असो, बारीक असो, कोणाच्या वाटीतलं असो. फोडी चिरून, कोयीच्या आतली बी आणि खराब तुकडे काढून झाल्यावर वजन करायचं आणि त्याच्या 18 ते 20 टक्के मीठ. कैऱ्या विकत घेतलेल्या वजनावर हिशेब केला तर मीठ जास्त पडतं. तीही चूक आम्ही एकदा केली आहे आणि ते लोणचं वरण-भातातच संपवावं लागलं, त्या दिवसांत वरणात मीठ घातलंच नाही.

खडे मीठ वापरायचं तर कढईत कोरडं भाजून घ्या. ते ओल धरतं. गार झालं की मिक्सरमधून फिरवा, कालवताना सारखं लागतं.

ज्यांना मीठ कमीच हवंय त्यांनी वर्षाच्या लोणच्यात काटकसर करू नये. वेगळं, किलोभराचं, निम्म्या मिठाचं लोणचं घालावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि पंधरा-वीस दिवसांत संपवावं. आईसाठी आता आम्ही तसंच करतो. ते चवीला जास्त छान लागतं, हेही मान्य करायला हवं. मुरलेल्या लोणच्याची मिजास वेगळी, पण कैरीचा हिरवा वास या ताज्यातच असतो.

चार बरण्यांचं काय झालं? पहिली पुढच्या मेपर्यंत ठणठणीत. दुसरीवर श्रावणाच्या मध्यावर पापुद्रा आणि राखीपौर्णिमेनंतर लव. तिसरीला बुरशी आली नाही, पण दिवाळीपर्यंत फोडींचा लगदा आणि चव मिळमिळीत. चौथी बरेच दिवस टिकली, मग भाद्रपदात तेल खाली गेलं, तेव्हा काठाला पापुद्रा दिसू लागला. तो पुसून घेतला, तेल वाढवलं आणि ती बरणी आधी संपवली.

आणि हो, ज्या दिवशी या चारही बरण्या भरल्या त्या दिवशी माझी पाळी चालू होती. चारही मी एकटीने भरल्या. आत्याला दिवाळीत सांगितलं. ती थोडा वेळ फोडीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "वाढ अजून एक."

पाडाची कैरी

तिसऱ्या बरणीने मला जास्त विचारात पाडलं, कारण तिच्यात मीठ बरोबर होतं. चुकलं होतं ते कॅलेंडर.

आमची पद्धत अशी होती, की कैऱ्या बुधवारी-गुरुवारी उतरवायच्या, कारण तेव्हा गडी मोकळे असतात. आत्या शनिवारी येणार, बहीण रविवारी येणार, सगळ्या जमल्या की लोणचं घालायचं. तोवर कैऱ्या गोणीत, गोणी पडवीत, आणि बाहेर ऊन चाळिशीच्या घरात. कैरी तोडली तरी तिचं पिकणं थांबत नाही. गोणीत दबून ऊब धरते, एखादीला मार लागलेला असतो, ती आधी पाडाला येते, म्हणजे पिकायला लागते, आणि शेजारणींनाही घाई करते. वरून सगळ्या हिरव्यागार दिसतात. चिरल्यावर कोयीलगत पिवळसर झाक दिसते, तेव्हा समजायचं की आंबटाई उतरायला लागली आणि फोड कडक राहणार नाही.

लोणच्याची कैरी ओळखायची खूण जुनीच आहे, बाठ धरलेली हवी. कोय इतकी टणक, की साध्या सुरीने कापत नाही, अडकित्ता लागतो. आणि गर पांढरट हिरवा. प्रत्येक फोडीला बाठीचा तुकडा चिकटलेला असला की ती वर्षभर आकार सोडत नाही. शहरात मंडईबाहेर अडकित्ता घेऊन बसलेल्यांकडून फोडून घेत असाल तर आधी एक कैरी फोडायला सांगा, आत बघा, मग बाकीच्या द्या. आणि घरून स्वच्छ कोरडं फडकं न्या. त्यांच्या पाटावर सकाळपासून शंभर जणांच्या कैऱ्या फुटलेल्या असतात, पाट ओला आणि चिकट असतो.

चीक हाही एक मुद्दा आहे. देठाशी चीक असतो, त्याने फोडी तुरट लागतात. देठ काढून कैऱ्या दोन-तीन तास पाण्यात ठेवायच्या, पुसायच्या, पंख्याखाली पसरायच्या. धुणं जे काय ते चिरण्याआधी. चिरल्यावर पाणी लावायचं नाही. चौथ्या बरणीचा धडा एवढाच.

वाळवण्याबद्दल मात्र 2025 ने डोळे उघडले. त्या वर्षी मान्सून 24 मे ला केरळात आणि 26 मे ला मुंबईत पोचला. आमच्याकडे तर त्याआधीपासूनच अवकाळी कोसळत होता. शेतावर गेलो ते छत्र्या घेऊन. कुरडया खाटेखाली, पापड पेपरमध्ये, मुलं दिवसभर घरात आणि राजापुरीच्या कैऱ्या वाऱ्याने खाली. पडलेल्या कैऱ्या आम्ही लोणच्याला घेतल्या नाहीत. मार लागलेली जागा आतून तपकिरी होते आणि सडायला सुरुवात तिथूनच होते. त्यांचं पन्हं केलं, उरल्या त्यांची आमचूर करायला गेलो आणि तीही ऊन नसल्याने फसली.

ऊन नसताना लोणचं असं केलं. फोडींना ठरलेल्या मिठातलं निम्मं मीठ आणि हळद चोळून रात्रभर ठेवलं. सकाळी बराच खार सुटला होता. चाळणीवर फोडी निथळल्या, धुतलेल्या सुती साडीवर पसरल्या आणि पंख्याखाली पाच तास ठेवल्या. हाताला ओल लागेनाशी झाली की पुरे, खडखडीत करायच्या नसतात. सुटलेला खार टाकला नाही, त्यात मीठ आणि आंबटाई दोन्ही आहे. स्टीलच्या पातेल्यात त्याला एक उकळी काढून पूर्ण गार केला, मग उरलेलं मीठ आणि मसाल्याबरोबर परत घातला. हे लोणचं टिकलं. ऊन हे एक साधन आहे, फोडी कोरड्या होण्याशी मतलब.

तेल, झाकण, जागा

यात फार काही नाही, पण दोन चुका सगळ्यांकडून होतात.

तेल कडकडीत तापवून गार करून घालतात. "गार" म्हणजे पातेल्याच्या बुडाला हात लावला तर काहीच जाणवत नाही, असं गार. कोमट तेल घालून झाकण लावलं तर आत वाफ धरते, झाकणाला थेंब जमतात आणि ते बरोबर वर उरलेल्या फोडीवर पडतात. आम्ही रात्री तेल तापवतो आणि सकाळी घालतो.

दुसरी चूक, एकदा तेल घातलं की विसरून जाणं. बुरशीला हवा लागते. तेल फोडींच्या वर बोटभर असेल तर तिला हवा मिळत नाही. पण फोडी आणि मोहरीची डाळ पहिल्या महिन्यात बरंच तेल पिऊन टाकतात. जूनमध्ये बोटभर दिसलेलं तेल आषाढ संपेतो फोडींच्या खाली गेलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या दोन-चार फोडींवरूनच सगळी सुरुवात होते. आषाढी एकादशीला बरणी उघडून तेल बघायचं, कमी असेल तर तापवून गार केलेलं वाढवायचं. मी तारीख म्हणून एकादशी धरली, कारण त्या दिवशी उपासामुळे लोणच्याला हात लागत नाही आणि बरणी निवांत तपासता येते.

रोजच्या वापराची छोटी बरणी वेगळी ठेवा. मोठी पंधरा दिवसांतून एकदाच उघडायची, दुपारी, कोरड्या चमच्याने, भर पावसात नाही. आत्याच्या "ओल्या हाता"ला एवढा मान मी देते. बरणी ठेवायची जागाही पाहा. आमची सिंकखालच्या कपाटात होती आणि त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर. पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. आता ती वरच्या फळीवर असते. पत्र्याचं झाकण खारामुळे गंजतं, त्यापेक्षा काचेचं किंवा बरणीचं स्वतःचं झाकण आणि वर दादरा.

लसूण घालून लोणचं करत असाल तर एक इशारा. कैरी आंबट असते म्हणून तिच्या लोणच्यात विषारी जंतूंना थारा मिळत नाही. लसणात ती आंबटाई नाही. नुसता लसूण तेलात बुडवून बाहेर महिनोन्‌महिने ठेवणं धोक्याचं आहे. त्याला भरपूर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि मीठ हवंच, आणि जागा फ्रिजमध्ये.

साखरांब्यात साखर बसते तेव्हा

गावठी कैरीचा साखरांबा आम्ही शेतावरच करतो, चुलीवर, मुलं आजूबाजूला पातेलं चाटायला टपलेली. दोन वर्षं त्यात गणपतीपर्यंत साखरेचे खडे झाले. पोळीवर घेतला की दाताखाली कचकच.

पाकातली साखर खड्यांत परत जाते ती दोन कारणांनी. एक तर पाक फार आटला, किंवा आम्ल कमी पडलं. आंबट रसात शिजताना साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि हे दोन्ही उरलेल्या साखरेला खडा धरू देत नाहीत. कैरी पाडाला आली असेल तर आम्ल कमी, साखर फुटत नाही, खडे होणार. म्हणजे पुन्हा ती चार दिवसांची गोणी. त्यावर उपाय सोपा, किलोभर किसाला दोन लिंबांचा रस, शिजवतानाच. गुळांब्यात हा त्रास सहसा होत नाही, कारण गुळात फुटलेली साखर आधीच असते.

जास्त आटण्याचा किस्सा माझ्या भाच्यामुळे झाला. त्याने पाकाचा थर्मामीटर आणला आणि कुठेतरी वाचलं होतं, की जॅम 105 अंशांवर उतरवावा. आम्ही काट्याकडे डोळे लावून बसलो. 103 वर पातेल्यातला साखरांबा मला झालेला दिसत होता, आत्या म्हणत होती "उतरव, उतरव", आणि तो म्हणत होता, "अजून दोन डिग्री." थंड झाल्यावर चमचा उभा राहिला आणि महिन्यात खडे. तो 105 चा आकडा समुद्रकाठचा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, इथे पाणीच साधारण 98 अंशांना उकळतं. तेव्हा पाकही दोन अंश आधी तयार होतो. थर्मामीटर वापरायचा तर आधी त्याने उकळतं पाणी मोजा, जो आकडा येईल त्यात पाच मिळवा.

मला स्वतःला वजनाची युक्ती जास्त आवडते. टिकायला साखरांब्यात, कैरीतलं विरघळलेलं जे काही ते धरून, शंभरात पासष्ट ते अडुसष्ट भाग साखर हवी. त्याहून कमी राहिली तर तो आंबतो, फार जास्त झाली तर खडे. एक किलो कीस आणि दीड किलो साखर घेतली तर शिजून दोन किलो चारशेच्या आसपास राहिला की झालं, फार आटवायचं नसतंच. कीस-साखर समभाग घेतली तर दोन किलोचं सतराशे ग्रॅमवर आणावं लागतं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. आत्या मात्र ताटलीत थेंब टाकून ताटली वाकडी करते आणि थेंब पळाला नाही की उतरवते. तिचा अंदाज आणि माझा काटा आजवर पन्नास ग्रॅमच्या आत जुळलेत.

खडे झालेला साखरांबा टाकू नका. बरणी गरम पाण्यात उभी करा, चमचाभर पाणी आणि लिंबू घालून हलकेच विरघळवा. दीड-दोन महिने सुखाने टिकतो, तेवढ्यात संपवा.

मुलांनी गच्चीवर वाळत घातलेल्या द्राक्षांचंही दोन ओळींत सांगते, कारण तीही दर वर्षी आंबायची. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, तो पाणी बाहेर जाऊ देत नाही. बेदाण्याच्या शेडवर त्यासाठी खास द्रावणात बुडवतात. घरी उकळत्या पाण्यात चिमूटभर सोडा घालून घड काही सेकंद बुडवून काढले तरी सालीला बारीक चिरा पडतात आणि काम भागतं. चार किलोंचे किलोभर बेदाणे होतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "चोरले कोणी?" अशी चौकशी सुरू होते.

आत्ता बरणीवर पापुद्रा असेल तर

लव नसेल, वास बिघडला नसेल, फोडी कडक असतील, तरच ही खटपट करा. पापुद्रा स्वच्छ चमच्याने पूर्ण काढा, बरणीचा काठ कोरड्या फडक्याने पुसा. खार चाळून उकळून पूर्ण गार करा. लोणचं घालताना मीठ किती टाकलं होतं ते वजनात आठवत असेल तर कमी पडलं तेवढं भरून काढा, आठवत नसेल तर किलोला 50 ग्रॅम भाजलेलं मीठ घाला. दुसऱ्या कोरड्या बरणीत भरा, वर तेल घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीच बरणी आधी संपवा. शंका आली तर टाका. पाहुण्यांना तर मुळीच वाढू नका.

या वर्षी दादाचा फोन आला, की गडी गुरुवारी आहेत, राजापुरी उतरवून घेतो. आत्या शनिवारशिवाय येऊ शकत नव्हती. फोनवर नेहमीची ओढाताण झाली, माझ्याशिवाय घालू नका, थांबा, दोन दिवसांनी काय बिघडतंय. मी काही बोलायच्या आत आत्याच म्हणाली, "माझ्या वाटणीच्या झाडावरच ठेव रे. मी येते आणि मग काढ." दादाने दक्षिणेकडची एक फांदी तशीच सोडली. शनिवारी दुपारी तिने पडवीत बसून पाच किलो फोडल्या आणि संध्याकाळी काटा मागवला.